विलगीकरण रोहित्र

विलगीकरण रोहित्र हे असे रोहित्र आहे की ज्याच्या प्राथमिक व द्वितीयक गुंडाळ्यांमध्ये कोणतीही धातूची जोडणी नसते, आणि ज्याचा हेतू विद्युतदाब कमी-जास्त करणे हा नसून वीजवापराचे मंडल मुख्य वीजपुरवठ्यापासून वेगळे करणे हा असतो. दोन्ही गुंडाळ्यांचे वेढे जवळजवळ सारखे असल्याने २३० व्होल्ट आत गेले की सुमारे २३० व्होल्टच बाहेर येतात. फरक एवढाच, की बाहेर येणाऱ्या दोन्ही तारांपैकी एकीचाही जमिनीशी संबंध उरलेला नसतो. बाजारात ते आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर या नावाने मिळते. शस्त्रक्रियागृहे, प्रयोगशाळा, यंत्रसामग्रीचे नियंत्रण अशा अनेक ठिकाणी त्याचा उपयोग होतो. प्रस्तुत लेख मुख्यतः इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीतील त्याची निवड व वापर यांविषयी आहे.

== संज्ञा ==
ट्रान्सफॉर्मरसाठी ‘रोहित्र’ हा शब्द मराठी पाठ्यपुस्तकांत आणि महावितरणच्या सूचनांत रूढ आहे. लातूर-नांदेड भागातील बोलीत मात्र गावाच्या कडेला खांबांवर बसवलेल्या वितरण रोहित्राला ‘डीपी’ म्हणतात आणि ‘ट्रान्सफॉर्मर’ हा शब्द बहुधा उपकरणाच्या आतील लहान रोहित्रासाठी वापरतात. या लेखात वितरण रोहित्रासाठी डीपी हाच शब्द योजला आहे, म्हणजे दोन रोहित्रांची गल्लत होणार नाही.

== पार्श्वभूमी ==
मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यातील कारोय झिपर्नोव्स्की, ओटो ब्लाथी आणि मिक्शा देरी यांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याचे व्यवहार्य रोहित्र तयार केले. गुंडाळ्या एकमेकींपासून विलग असणे हा रोहित्राचा जन्मजात गुण होय. सुरुवातीला तो केवळ ओघाने आलेला होता, सुरक्षिततेसाठी मुद्दाम वापरण्याचा विचार नंतरचा.

हा विचार करावा लागला तो रोहित्र वगळणाऱ्या उपकरणांमुळे. व्हॉल्व्हच्या काळात एसी व डीसी अशा दोन्ही पुरवठ्यांवर चालणारे रेडिओ बनत. डीसीवर रोहित्र चालत नाही, म्हणून अशा संचांत ते नसेच, आणि विजेची एक तार थेट धातूच्या चासीला जोडलेली असे. लाकडी पेटी, बॅकेलाइटची बटणे आणि मागचा पुठ्ठा एवढेच काय ते ऐकणाऱ्याचे संरक्षण. पुठ्ठा काढणाऱ्या कारागिराला तेही नाही. पुढे दूरचित्रवाणी संचांतही ही ‘गरम चासी’ टिकून राहिली. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर घरोघरी आलेल्या संचांत हळूहळू स्विच मोड पद्धतीचा वीजपुरवठा, म्हणजे दुकानातील भाषेत एसएमपीएस, आला. आज एलईडी टीव्ही, सेट टॉप बॉक्स, मोबाइलचा चार्जर, इंडक्शन शेगडी, फवारणी पंपाचा चार्जर, एलईडी दिवे या सर्वांत मुख्य वीज रोहित्रावाचून सरळ एकदिशकारकात जाते. त्यामुळे चासीचा जुना धोका नाहीसा झाला नाही. तो मंडलपट्टीच्या एका भागात जाऊन बसला.

== कार्यतत्त्व ==
डीपीच्या द्वितीयक बाजूचा तारकाबिंदू, म्हणजेच न्यूट्रल, डीपीपाशी जमिनीत पुरलेला असतो. परिणामी फेज तार आणि जमीन यांच्यात कायम २३० व्होल्टचा दाब असतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने फेजला नुसते बोट लावले तरी मंडल पूर्ण होते : फेज, बोट, शरीर, फरशी, जमीन आणि पुन्हा डीपीचा न्यूट्रल. शरीराचा रोध सुमारे १,५०० ओहम धरला तर या वाटेने १५० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहू शकतो. साधारण अर्धा मिलिअँपिअर जाणवतो. दहाच्या पुढे स्नायू आखडून हात सुटत नाही. तीसच्या पुढचा प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

विलगीकरण रोहित्राच्या द्वितीयक गुंडाळीतून आलेल्या विजेला परतण्यासाठी जमिनीची वाट उपयोगाची नसते. तिला त्याच गुंडाळीच्या दुसऱ्या टोकाकडे जायचे असते, आणि ते टोक जमिनीशी जोडलेले नाही. म्हणून जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा एका तारेला स्पर्श झाला तरी मंडल पूर्ण होत नाही. अगदीच काही वाहत नाही असे नव्हे. दोन गुंडाळ्या शेजारी असल्याने त्यांच्यात अल्प धारिता असते. ही धारिता १ नॅनोफॅरड असेल तर २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झला तिच्यातून फार तर ०.०७ मिलिअँपिअर एवढा प्रवाह जाऊ शकतो. पूर्वीच्या १५० मिलिअँपिअरच्या तुलनेत तो दोन हजारांश आहे आणि सहसा जाणवतही नाही.

हे संरक्षण एका अटीवर उभे आहे : द्वितीयक मंडलाचा कोणताही बिंदू जमिनीला टेकता कामा नये. एक टोक कुठेही, कसेही टेकले की दुसरे टोक जमिनीच्या संदर्भात पुन्हा २३० व्होल्टवर जाते आणि मंडल डीपीवरून आलेल्या विजेइतकेच घातक होते. शिवाय हे घडल्याची कोणतीही खूण दिसत नाही. फ्यूज उडत नाही, दिवा मंदावत नाही. पुढील बहुतेक सर्व नियम या एका अटीतून निघतात.

== मराठवाड्यातील वीजपुरवठा व दुरुस्तीची दुकाने ==
शिरूर अनंतपाळ हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. निलंगा, उदगीर, चाकूर ही आसपासची तालुक्याची गावे. अशा गावांतील इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचे दुकान म्हणजे बहुधा एक गाळा किंवा पत्र्याची शेड, लोखंडी शटर, सिमेंटची फरशी, लोखंडी मांडणी आणि भिंतीला टेकवलेले टेबल. कारागिराचा हात, कोपर वा पाय ज्या वस्तूंना लागतो त्यांतील बहुतेक वस्तू जमिनीशी जोडलेल्याच असतात. उन्हाळ्यात घामाने आणि पावसाळ्यात ओलीने त्वचेचा रोध आणखी घटतो.

दुसऱ्या बाजूला भूसंपर्कनाची, म्हणजे अर्थिंगची, अवस्था भरवशाची नसते. या भागातील काळी कापसाची जमीन ओली असताना वीज उत्तम वाहून नेते. पण वैशाखात ती भेगाळते आणि पुरलेल्या नळीपासून सुटते. खाली कठीण काळा पाषाण लागला तर रोध मुळातच जास्त. मीठ-कोळसा घालून केलेल्या खड्ड्यात नियमित पाणी ओतले नाही तर एप्रिल-मे महिन्यांत तो नावापुरता उरतो. तीन पिनांच्या सॉकेटमधील वरची मोठी पिन कित्येक जुन्या गाळ्यांत कशालाच जोडलेली नसते. डीपीकडचा न्यूट्रल तुटला की एकफेजी वाहिन्यांवरचा दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतले टीव्ही, पंखे व चार्जर एकदमच दुकानात येतात. आत व्हॅरिस्टर फुटलेला आणि मुख्य धारित्राचे टोपण वर आलेले.

विलगीकरण रोहित्राचे संरक्षण अर्थिंगच्या खड्ड्यावर किंवा डीपीच्या न्यूट्रलवर अवलंबून नाही. ज्या ठिकाणी या दोहोंवर विसंबता येत नाही तेथे त्याचे मोल अधिक. तरीही ते अर्थिंगला पर्याय नव्हे. दुकानातील इतर सर्व जोडण्यांना, स्वतः रोहित्राच्या लोखंडी पेटीलासुद्धा, चांगले अर्थिंग लागतेच.

== विलगीकरण न करणारी साधने ==
दाब कमी-जास्त होण्याचा त्रास जुना असल्याने ग्रामीण मराठवाड्यातील जवळजवळ प्रत्येक दुकानात स्टॅबिलायझर असतो, आणि ‘मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे शॉक लागणार नाही’ हा समज त्याच्याबरोबर आलेला असतो. या विषयातील सर्वांत धोकादायक गैरसमज हाच म्हणावा लागेल. घरगुती स्टॅबिलायझरमध्ये सहसा स्वयंरोहित्र असते. त्यात एकच गुंडाळी असते आणि आत येणारा न्यूट्रल जसाच्या तसा बाहेर जातो. हाताने दाब फिरवण्याच्या डिमरस्टॅटचेही तेच. डिमरस्टॅटचा काटा ५० व्होल्टवर असला तरी त्याची ‘न्यूट्रल’ समजली जाणारी तार, प्लग उलटा बसला असेल तर, जमिनीच्या संदर्भात पूर्ण २३० व्होल्टवर असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसण्याची शक्यता निम्मी असते हे लक्षात घ्यावे.

घरगुती इन्व्हर्टर मुख्य वीज असताना तीच वीज पुढे पाठवतो. बॅटरीवर चालतानाही अनेक जोडण्यांत न्यूट्रल तार घराच्या न्यूट्रलशी सामाईक ठेवलेली असते, त्यामुळे त्याला विलग पुरवठा मानू नये.

सिरीज बोर्ड, म्हणजे उपकरणाशी एकसरीत जोडलेला तारेचा बल्ब, हे भारतीय दुरुस्ती दुकानातील अत्यंत उपयुक्त साधन आहे. उपकरणात शॉर्ट असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि पुढचे भाग जळण्यापासून वाचतात. पण तो उपकरणाला वाचवतो, माणसाला नाही. १०० वॅटच्या बल्बमधून सुमारे ४३० मिलिअँपिअर सहज जातात आणि शरीरातून जाणाऱ्या प्रवाहाला तो जवळजवळ अडवतच नाही.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही वेगळ्या प्रकारची सुरक्षा आहे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडला की तो वीज तोडतो. दुकानाच्या मुख्य पेटीत तो असायलाच हवा. मात्र विलगीकरण रोहित्राच्या पलीकडे काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. द्वितीयक बाजूला कोणाला झटका बसला तरी प्राथमिक बाजूचे दोन्ही प्रवाह समानच राहतात. म्हणून ही दोन साधने परस्परांची जागा घेत नाहीत.

== निवड ==
क्षमता व्होल्ट-अँपिअरमध्ये सांगितली जाते, वॅटमध्ये नाही, आणि एसएमपीएसच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. असा पुरवठा वीज टोचून टोचून घेतो. ज्यात शक्तिगुणक सुधारणारे मंडल नाही अशा संचाचा शक्तिगुणक ०.६ च्या आसपास असू शकतो. १०० वॅटच्या टीव्हीला त्यामुळे १६५ व्होल्ट-अँपिअरहून थोडे जास्त लागतात. केवळ एलईडी टीव्ही, सेट टॉप बॉक्स व चार्जर दुरुस्त करणाऱ्यास २५० व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र पुरते. जुने पिक्चर ट्यूबचे संच, ध्वनिवर्धक, संगणकाचे पुरवठे येत असतील तर ५०० घ्यावे. सामान्य दुकानासाठी हीच क्षमता योग्य ठरते. तिचा कमाल प्रवाह सुमारे २.२ अँपिअर.

इंडक्शन शेगडी हा अडचणीचा प्रश्न आहे. ती २,००० वॅट घेते आणि तिचे जवळजवळ सगळे मंडल, काही प्रकारांत बटणांची पट्टीसुद्धा, मुख्य विजेशी थेट जोडलेले असते. तिच्यासाठी २ किलोव्होल्ट-अँपिअरचे अवजड रोहित्र घेणे लहान दुकानाला परवडत नाही आणि गरजेचेही नसते. ५०० चे रोहित्र व २०० वॅटचा सिरीज बल्ब यांवर तिचा वीजपुरवठा, आयजीबीटीला मिळणारे संकेत आणि शॉर्ट हे तपासता येतात. पूर्ण शक्तीची चाचणी शेगडी बंद करून, स्क्रू कसून, थेट मुख्य विजेवर घ्यावी. उघड्या शेगडीला मुख्य विजेवर मोजमाप करू नये.

गरजेपेक्षा फार मोठे रोहित्र घेणे हाही दोष आहे. मोठ्या रोहित्राची गळती धारिता जास्त असते, चालू करतानाचा प्रवाहाचा धक्का मोठा असतो, आणि शॉर्ट झाल्यास ते अधिक ऊर्जा पुरवते.

रचनेत दोन प्रकार आढळतात. ई व आय आकाराच्या पत्र्यांचे रोहित्र जड असते, पण त्यात दोन्ही गुंडाळ्या एकाच बॉबिनच्या दोन वेगळ्या कप्प्यांत, मध्ये भिंत ठेवून, गुंडाळता येतात. अशा रोहित्रात गळती धारिता कमी राहते आणि आवरण जळाले तरी एका गुंडाळीची तार दुसरीवर पडत नाही. कंकणाकृती, म्हणजे टोरॉइडल, रोहित्र हलके व शांत असते. मात्र त्यात गुंडाळ्या एकीवर एक असतात, म्हणून सर्व भिस्त मधल्या फिल्मवर, आणि चालू करताना त्याचा धक्का इतका असतो की लहान एमसीबी खाली पडतो. दुकानासाठी कप्प्यांच्या बॉबिनचे ई-आय रोहित्र अधिक चांगले. त्याचे वजन ही तक्रार होऊ शकत नाही, कारण ते टेबलाखाली एकदा बसवायचे असते.

विलगीकरण रोहित्रांसाठी आयईसी ६१५५८ या आंतरराष्ट्रीय मानकाचा २-४ हा भाग आहे. २-६ हा भाग द्वितीयक दाब ५० व्होल्टच्या आत असलेल्या सुरक्षा रोहित्रांचा असून तो वेगळा. नामपट्टीवर मानक, क्षमता, प्राथमिक व द्वितीयक दाब आणि तापमानवर्ग स्पष्ट नसेल तर ते रोहित्र घेऊ नये.

‘अल्ट्रा आयसोलेशन’ या नावाने विकली जाणारी रोहित्रे पाहून अनेकांना ती अधिक सुरक्षित वाटतात. ती मुख्यतः संगणक व यंत्रनियंत्रकांना विजेतील गोंगाटापासून वाचवण्यासाठी असतात. त्यांत गुंडाळ्यांमध्ये तांब्याचा पडदा असतो, आणि बसवताना द्वितीयकाचे एक टोक बहुधा मुद्दाम अर्थ केले जाते. त्या कामासाठी ते बरोबर आहे. पण दुरुस्तीच्या टेबलासाठी असे रोहित्र निरुपयोगी. ती जोडणी काढून मगच वापरावे, आणि काढता येत नसेल तर वापरू नये.

लातूर, उदगीर, नांदेड अशा बाजारपेठांत मोटारी गुंडाळून देणाऱ्या दुकानांतून रोहित्रही गुंडाळून मिळते. तसे करून घ्यायचे असल्यास तांब्याचीच तार, वेगळ्या कप्प्यांचे बॉबिन, पॉलिएस्टर फिल्मचे थर आणि वार्निशात बुडवून भट्टीत वाळवणे या गोष्टी आधीच ठरवाव्यात. जुन्या स्टॅबिलायझरच्या गाभ्यावर, जुनी तार न काढता, वरून दुसरी गुंडाळी चढवणे टाळावे.

दोन सारखी रोहित्रे पाठीला पाठ लावून, उदाहरणार्थ २३० वरून २४ आणि २४ वरून पुन्हा २३०, असे स्वस्तात विलगीकरण साधता येते. दोन्ही रोहित्रांचे नुकसान एकत्र होत असल्याने भार पडताच दाब बराच घसरतो. चार्जरसारख्या लहान कामाला ही युक्ती चालते. मधली २४ व्होल्टची जोडणी मात्र कुठेही अर्थ करू नये. मायक्रोवेव्ह भट्टीचे रोहित्र यासाठी कधीही वापरू नये. त्याच्या उच्चदाब गुंडाळीचे एक टोक गाभ्यालाच जोडलेले असते.

== चाचणी ==
नवे, जुने किंवा गुंडाळून आणलेले कोणतेही रोहित्र तपासल्यावाचून टेबलावर घेऊ नये. पहिली चाचणी वीज न लावताच होते. प्लग काढून, रोहित्राचे बटण चालू स्थितीत ठेवून, मल्टिमीटरच्या ओहम पट्ट्यावर प्लगच्या प्रत्येक पिनेपासून बाहेरच्या सॉकेटच्या प्रत्येक छिद्रापर्यंत रोध मोजावा. फेज व न्यूट्रलच्या चारही जोड्यांत मीटरने काहीच दाखवू नये. कोणत्याही जोडीत काही ओहम आले तर ते स्वयंरोहित्र आहे किंवा आत कोणीतरी न्यूट्रल जोडून ठेवला आहे. हीच चाचणी स्टॅबिलायझरवर करून पाहिली की वर सांगितलेला गैरसमज एका मिनिटात दूर होतो.

मल्टिमीटरची बॅटरी काही व्होल्टचीच असल्याने दुबळे झालेले आवरण त्यात पकडले जात नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लागतो. प्राथमिक ते द्वितीयक, प्राथमिक ते गाभा आणि द्वितीयक ते गाभा असे तिन्ही रोध मोजावेत. चांगल्या, कोरड्या रोहित्रात ते शेकडो मेगाओहम येतात. आकडा काही मेगाओहमांवर उतरला असेल तर आधी रोहित्र वाळवून पुन्हा मोजावे. पावसाळ्यात पडून राहिलेल्या रोहित्रात ओल शिरलेली असते. तरीही सुधारणा झाली नाही तर ते बाद करावे.

वीज लावल्यावर द्वितीयक तार आणि अर्थ यांच्यात डिजिटल मल्टिमीटर ६० ते ११० व्होल्टसारखा काही दाब दाखवू शकतो, आणि निऑनचा टेस्टर दोन्ही तारांवर मंद पेटू शकतो. हा गळती धारितेमुळे आलेला फसवा दाब असतो. खातरजमेसाठी मीटरच्या दोन टोकांमध्ये १ वॅटचा १०० किलो-ओहमचा रोधक समांतर लावून पुन्हा मोजावे. विलगीकरण खरे असेल तर वाचन काही व्होल्टपर्यंत कोसळते. ते २३० च्या जवळ राहिले तर द्वितीयक कुठेतरी जमिनीला टेकलेले आहे. दोन्ही तारांसाठी ही चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी. दर महिन्याला एकदा ती करणे फारसे कष्टाचे नाही.

== टेबलावरील जोडणी ==
मुख्य पेटीतून आरसीसीबी व एमसीबी, त्यानंतर दोन्ही तारा तोडणारे बटण, रोहित्र, द्वितीयक बाजूला योग्य क्षमतेचा फ्यूज, मग सिरीज बल्ब, आणि शेवटी एकच सॉकेट असा क्रम ठेवावा. सिरीज बल्ब नेहमी द्वितीयक बाजूला. डिमरस्टॅट वापरायचा असेल तर तो रोहित्राच्या आधी लावणे सोयीचे, कारण शून्यापासून वर नेल्यास चालू करतानाचा धक्काही टळतो. बल्ब तारेचाच किंवा हॅलोजन हवा. एलईडी बल्ब या कामाचा नाही.

सॉकेट एकच ठेवण्यामागे कारण आहे. दोन उपकरणे एकाच द्वितीयकावर असली आणि एकात एक तार, दुसऱ्यात दुसरी तार चासीला टेकली, तर दोन चासींना एकाच वेळी हात लावणाऱ्याला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात. रोहित्रावर मल्टिप्लग लावण्याची सवय यासाठीच मोडावी. सॉकेटची अर्थ पिन मोकळी सोडावी, आणि हा सॉकेट इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचा ठेवून त्यावर ‘फक्त दुरुस्तीसाठी’ असे लिहावे. नाहीतर एखाद्या दिवशी कोणीतरी त्यात पाण्याचा हीटर लावतो.

दुरुस्तीसाठी आलेल्या टीव्हीला छपरावरील डिश अँटेनाची किंवा केबलची तार लावली की तिच्या बाहेरील जाळीतून टीव्हीचा थंड भाग जमिनीशी जोडला जातो. सेट टॉप बॉक्स दुसऱ्या सॉकेटवर असेल तर एचडीएमआय तारेतूनही तेच घडते. अर्थ केलेल्या टोकाची सोल्डरिंग इस्त्री, लॅपटॉपला जोडलेला प्रोग्रामर, लोखंडी मांडणीला टेकलेले हीट सिंक ही सर्व जमिनीकडे नेणारी चोरवाटच. थंड भाग अर्थ होणे एरवी चालते. गरम भाग अर्थ झाला की विलगीकरण संपले. म्हणून गरम भागावर काम करताना अँटेना, केबल व संगणक आधी काढून ठेवावेत आणि सोल्डरिंग करताना सॉकेटचे बटण बंद करावे.

=== ऑसिलोस्कोप ===
ऑसिलोस्कोपच्या प्रोबची चिमट्याची तार त्याच्या चासीमार्फत तिसऱ्या पिनेला, म्हणजे अर्थला, जोडलेली असते. ब्रिज रेक्टिफायरच्या पुढची ‘हॉट ग्राउंड’ जमिनीच्या संदर्भात प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्या भागात सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत खाली जाते. विलगीकरण नसताना तिथे चिमटा लावला की डायोडमधून सरळ शॉर्ट होतो; चिमटा वितळतो, ब्रिज फुटतो आणि कधी कधी ऑसिलोस्कोपही जातो.

यावर अनेक दुकानांत ऑसिलोस्कोपची अर्थ पिन तोडण्याचा उपाय केला जातो. तो चुकीचा आहे. त्याने शॉर्ट टळतो, पण मोजमापाच्या वेळी ऑसिलोस्कोपची धातूची पेटी, बीएनसी जोड आणि दुसऱ्या प्रोबचा चिमटा सगळेच गरम होतात, आणि त्यांना हात लावणाऱ्याला ते उपकरण निर्धोक वाटत असते. विलग करायचे ते दुरुस्तीला आलेले उपकरण, मोजणारे नव्हे.

विलग केलेल्या उपकरणाच्या हॉट ग्राउंडवर अर्थ असलेल्या ऑसिलोस्कोपचा चिमटा लावला की काहीही फुटत नाही आणि मोजमाप नीट होते. परंतु त्या क्षणी तो बिंदू जमिनीला जोडला गेलेला असतो आणि विलगीकरणाचे संरक्षण संपलेले असते. चिमटा लागलेला असेपर्यंत मंडलातील बाकी प्रत्येक बिंदू डीपीच्या फेजसारखा मानावा. चिमटा व प्रोब वीज बंद असताना लावून, हात मागे घेऊन मग बटण चालू करावे. डिफरेन्शियल प्रोब असेल तर ही तडजोड करावी लागत नाही.

== सुरक्षित कामाची पद्धत ==
विलगीकरणाने एका हाताचा स्पर्श निर्धोक होतो. दोन हातांचा नाही. एक हात एका तारेला आणि दुसरा दुसरीला लागला तर रोहित्राच्या दृष्टीने माणूस आणि बल्ब यांत फरक नसतो, आणि तो प्रवाह छातीतून जातो. जिवंत मंडलात मोजताना डावा हात टेबलाखाली किंवा खिशात ठेवण्याची जुन्या कारागिरांची शिस्त रोहित्र आल्यावरही सोडू नये. अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. पायाखाली आयएस १५६५२ मानकाची विद्युतरोधक चटई असावी; पोते किंवा सतरंजी ओल धरते.

वीज बंद केल्याने धोका तत्काळ संपत नाही. पुरवठ्यातील मुख्य धारित्र, ज्याला दुकानात कंडेन्सर म्हणतात, सुमारे ३२५ व्होल्टवर भरलेले राहू शकते. २२० मायक्रोफॅरडच्या धारित्रात या दाबाला साडेअकरा ज्यूलहून अधिक ऊर्जा असते, आणि तिच्यावर विलगीकरण रोहित्राचा काही परिणाम नसतो. बिघडलेल्या संचात ती जास्त काळ टिकते, कारण तिला वापरणारे मंडलच बंद पडलेले असते. स्क्रू-ड्रायव्हरने धारित्र शॉर्ट करण्याची पद्धत धारित्राला व डोळ्यांना दोन्हींना अपायकारक आहे. १० किलो-ओहम, १० वॅटचा रोधक आवरणाच्या चिमट्यांनी दहा-पंधरा सेकंद लावावा आणि मग मीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करावी.

दुकानात एकटे असताना उघड्या मंडलावर जिवंत काम न करणे इष्ट. अपघात झाल्यास प्रथम बटण बंद करावे. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने व्यक्तीला दूर करावे. श्वास थांबला असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलावून ती येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे. बटण कुठे आहे हे शेजारच्या दुकानदारालाही माहीत असावे.

== मर्यादा ==
विलगीकरण रोहित्र वाढलेला दाब अडवत नाही. आत ३०० व्होल्ट आले तर बाहेरही तेवढेच जातात. त्यामुळे न्यूट्रल तुटण्याच्या घटना जेथे होतात तेथे त्याच्या आधी दाबमर्यादा ओलांडताच वीज तोडणारे साधन लावावे. मायक्रोवेव्ह भट्टीच्या उच्चदाब भागात त्याचा उपयोग नाही, कारण तेथील २,००० व्होल्टचे मंडल भट्टीच्या स्वतःच्या रोहित्रानंतर चासीलाच जोडलेले असते. पिक्चर ट्यूबच्या अॅनोडवरील दाबालाही तेच लागू.

शेतीपंपांच्या बाबतीत त्याचा संबंध जवळजवळ येत नाही. तीन फेजच्या स्टार्टरला एकफेजी विलगीकरण निरर्थक. सौर कृषीपंपाच्या नियंत्रकात वीज डीपीवरून येतच नाही. ती एकसरीत जोडलेल्या सौरपट्ट्यांतून काहीशे व्होल्ट डीसी म्हणून येते, आणि ऊन असेपर्यंत ती बंद करण्याचा मार्ग म्हणजे डीसी विलगक उघडणे. असा नियंत्रक दुकानात आल्यावर त्याच्या पुरवठापट्टीची तपासणी विलग पुरवठ्यावर करता येते, परंतु शेतात पट्ट्यांना जोडलेला नियंत्रक उघडताना टेबलाखालील रोहित्राची सवय कामी येत नाही. तेथे विलगक उघडून, नियंत्रकातील धारित्रे रिकामी झाल्याचे मीटरने पाहूनच हात घालावा लागतो.